कोण कोणास म्हणाले?

मराठी समीक्षेने ललितगद्याकडे नेहमीच थोडा हात राखून पाहिले आहे. कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांचा परामर्श घेऊन झाल्यावर ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात जे उरते, त्याला ‘अन्य गद्य’ म्हणून निकालात काढण्याची आपली रीत जुनी आहे. आत्मचरित्र, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, आठवणी, लघुनिबंध ही सगळी भावंडे एकाच खोलीत कोंबलेली. हिंदीत ‘रेखाचित्र’ आणि ‘संस्मरण’ अशी दोन निराळी नावे तरी रूढ आहेत. आपल्याकडे एका ‘ललितगद्य’ या शब्दाने सर्वांचे भागवले जाते. विद्यापीठात हा विषय मी दीर्घकाळ शिकवला. आत्मचरित्रातील ‘मी’ आणि लेखक यांचे नाते, स्मृतीची विश्वसनीयता, निवेदनाचा कालबिंदू अशा मथळ्यांखाली पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून उत्तरे लिहून घेतली. ती उत्तरे वाईट नसत. परंतु त्या प्रश्नांपायी वर्गातल्या कुणाची झोप उडाल्याचे मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर, २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षे, मी माझ्या माहेरच्या गावी, माणदेशात, सहावी ते आठवीच्या मुलांना आठवड्यातून दोन तासिका शिकवल्या. शाळा साधी, पत्र्याची. ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक कपाट. मराठीच्या पाठ्यपुस्तकात कविता आणि गोष्टी यांच्याबरोबर आत्मकथनाचे, प्रवासवर्णनाचे, व्यक्तिचित्राचे उतारे असतातच. तेवढा भाग माझ्याकडे द्यावा, अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली. विषयतज्ज्ञ म्हणून मला मान होता. शिक्षक म्हणून माझी परीक्षा मुले घेणार होती.

‘ललितगद्य’ हा शब्द मी पहिल्या दिवशी वापरला नाही. खरे घडलेले, पण मन लावून सांगितलेले, एवढेच म्हणाले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “म्हणजे बातमी का, मॅडम?” प्रश्न सोपा नव्हता. बातमीही खरी असते, निदान असावी अशी अपेक्षा असते, आणि चांगला वार्ताहर तीही मन लावूनच सांगतो. मी म्हटले, बातमीत सांगणारा माणूस पडद्याआड उभा असतो, इथे तो आपल्यासमोर येऊन बसतो. मुलाचे समाधान झाले की नाही ते कळले नाही. मला मात्र, एका वाङ्मयप्रकाराची व्याख्या करण्याच्या माझ्या आजवरच्या प्रयत्नांत हा त्यातल्या त्यात बरा वाटला.

मुलांनी आधी लिहिलेले निबंध मी मागवून घेतले. आपल्या शाळांतील निबंधलेखनाची परंपरा पाहिली की एका गोष्टीचे नवल वाटत राहते. आपण मुलांना आत्मवृत्त लिहायला लावतो, पण ते फाटक्या पुस्तकाचे, पडक्या किल्ल्याचे, जुन्या छत्रीचे किंवा नदीचे. बारा वर्षांचा मुलगा शंभर वर्षांच्या वडाच्या वतीने आपले मनोगत मांडतो. त्याचे स्वतःचे वृत्त मात्र कुणी मागत नाही. मागितले तर ‘माझी आई’ किंवा ‘माझा आवडता सण’ एवढ्यापुरते, आणि त्याचाही साचा बाजारातील मार्गदर्शक पुस्तकात तयार असतो. एका वर्गातील दहा-बारा वह्यांत मला एकच आई भेटली: सर्वांच्या आधी उठणारी, सर्वांच्या मागून जेवणारी आणि कधीही न रागावणारी. यांतल्या एका मुलीची आई वर्षातील पाच-सहा महिने ऊसतोडीला बाहेर असे आणि ती मुलगी तेवढा काळ आजीजवळ राहत असे. निबंधातली आई मात्र रोज तिचा डबा भरत होती.

याचा दोष काही जण साने गुरुजींच्या पदरात टाकतात. ते मला पटत नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मधली आई रागावते, मारते, पोहायला भिऊन लपून बसलेल्या मुलाला फोकाने बडवून विहिरीकडे धाडते. मार्गदर्शक पुस्तकातील आईपेक्षा ती कितीतरी अधिक खरी आहे. शिवाय पांडुरंग सदाशिव साने या माणसाने स्वतःचे नाव बाजूला ठेवून ‘श्याम’ हे नाव का घेतले असावे, हा प्रश्न सहावीच्या मुलांनाही विचारता येतो. “लाज वाटली असंल,” असे एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, “दुसऱ्याचं नाव दिलं की आपलं सांगाया येतं.” या दुसऱ्या उत्तरावर एखादा प्रबंध उभा राहू शकेल.

सुरुवातीला मी निबंध लिहायला सांगितलाच नाही. आज जाग येताना घरात पहिला आवाज कोणता ऐकलात, एवढेच चार-पाच ओळींत लिहा, म्हटले. विशेषणे वापरायची नाहीत ही एकच अट. कुणी भाकरी थापल्याचा आवाज लिहिला, कुणी आजोबांचा खोकला, कुणी मोबाईलचा गजर. एका मुलाने लिहिले की पहिला आवाज काही नव्हता. रात्रपाळीची वीज आली म्हणून वडील मोटार चालू करायला गेले होते आणि त्यांचा घोरण्याचा आवाज नसल्यामुळेच त्याला जाग आली. आवाजाच्या अभावाने जाग येते, हे निरीक्षण कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. वाक्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. त्या मी नंतर दाखवल्या; आधी वाक्य फळ्यावर लिहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपल्या प्रश्नपत्रिकांत एक जुना प्रश्न असतो: ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न केवळ स्मरणशक्ती तपासणारा म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी त्याची थट्टा करत आलो. आत्मकथन शिकवताना मात्र हाच प्रश्न माझ्या फार उपयोगी पडला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील लहानपणीचा भाग मी वाचून दाखवला. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, घरात येणाऱ्या वस्तूंची धुवाधुवी, त्यापायी सगळ्या घराची होणारी तारांबळ. मुले खदखदून हसली. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत घरोघर भाज्या धुतलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, तेव्हा त्यांना ते वर्णन फार परके वाटले नाही. हसणे ओसरल्यावर मी विचारले, “हे कोण कोणास म्हणाले?” उत्तर आले, “लक्ष्मीबाई आपल्याला म्हणाल्या.” कोणत्या लक्ष्मीबाई?

वर्ग गप्प झाला. मग हिशेब मांडला. जन्म १८६८ चा. पुस्तकाचा पहिला भाग निघाला १९३४ साली. म्हणजे सांगणारी बाई पासष्टीच्या घरातली आणि जिच्याविषयी सांगते आहे ती परकरी पोर. ती पोर त्या वेळी हसली असेल का? बहुतेकांचे मत पडले की नसेल. भ्यायली असेल, कंटाळली असेल, कदाचित रडलीही असेल. मग हसू कुठून आले? ते म्हातारीचे आहे, असे एकीने सांगितले. भीती पोरीची आणि हसू म्हातारीचे, आणि दोघींनी मिळून एकच ‘मी’ म्हटले आहे. पाश्चात्त्य कथनमीमांसेतील ‘अनुभवणारा मी’ आणि ‘निवेदन करणारा मी’ यांची फोड मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे. इथे आकृती लागली नाही. पुढे वर्गात एक खेळच सुरू झाला. कुणी काही आठवण लिहून आणली की बाकीचे ओरडत, “कोणता मी? तेव्हाचा का आत्ताचा?” तेरा वर्षांच्या मुलालाही ‘तेव्हाचा मी’ असतो, तो पाच वर्षांचा असतो, आणि त्याच्याकडे हा मुलगा बऱ्याच उंचावरून पाहत असतो.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ घेताना मला थोडी धास्ती होती. १९४९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जेमतेम बाविशीतल्या लेखकाचे, आणि ज्या मातीवर ते उभे आहे तीच या मुलांच्या पायाखाली. ओळखीच्या मुलखाचे वर्णन वाचताना वाचक एक तर हुरळून जातो, नाहीतर चुका काढत बसतो. मुलांनी दोन्ही केले. परंतु त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता: ही माणसे खरी होती का, आणि असतील तर त्यांनी हे वाचले का? या लेखनाला कथा म्हणावे की व्यक्तिचित्रे, याविषयी आम्ही समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. ज्याच्यावर लिहिले त्याचे काय झाले, हा प्रश्न आम्हाला सहसा पडत नाही. मुलांना तो आधी पडतो, कारण गावात लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिले तो, दोघेही संध्याकाळी एकाच पारावर बसायचे असतात.

हा प्रश्न लौकरच पुस्तकाबाहेर आला. सातवीतल्या एका मुलीने आपल्या घरच्या बैलांविषयी लिहून आणले. खिलार जोडी होती. खरसुंडीच्या जत्रेत, जिथे खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो, तिथे तिच्या वडिलांनी ती विकली. किती रुपयांना विकली, त्यातले सोसायटीच्या कर्जात किती गेले, घरी आल्यावर आई काय बोलली, हे सर्व तिने एखाद्या मुनिमासारखे नेमके लिहिले होते. आणि अखेरीस दोन वाक्ये होती. दावण रिकामी झाली, तरी आप्पा अजून पहाटे उठून गोठ्यात जातात. तिथे काय करतात ते माहीत नाही, पण बराच वेळ बाहेर येत नाहीत. तीस वर्षे विद्यार्थ्यांचे लेखन वाचल्यावर थांबून पुन्हा वाचावे असे फार थोडे हाती येते. हे मी तीनदा वाचले.

ती वही मी वर्गात वाचून दाखवली नव्हती. तरी गावात गोष्ट लपत नाही. चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. व्हरांड्यात चपला काढून उभे राहिले. त्यांना राग आला होता असे म्हणता येणार नाही. त्यांना काहीतरी समजून घ्यायचे होते. म्हणाले, “मॅडम, खोटं न्हाई त्यात काय. पर थोरलीची सोयरीक चाललीया. पावण्यांना सांगितलंय, बैलं भणीच्या गावाला नांगरटीला धाडल्यात म्हणून. खरं हाय म्हणून लिवायचंच का?”

मराठी वाङ्मयाला हा प्रश्न नवा नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यानंतर ‘उपरा’, ‘उचल्या’ अशी आत्मकथने येत गेली. घरातले चव्हाट्यावर कशासाठी, असा आक्षेप त्या काळी या लेखकांवर खुद्द त्यांच्या माणसांतूनही घेतला गेला. आम्ही त्या आक्षेपाला परिसंवादांतून उत्तर दिले, की हे लेखन व्यक्तीचे नसून समाजाच्या वेदनेचे आहे. उत्तर योग्य होते, आजही आहे. पण व्हरांड्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ते देता येत नाही. त्याची मुलगी दलित आत्मकथनाचा लेखक नव्हती आणि तो व्यवस्थेचा प्रतिनिधी नव्हता. त्याने एक लहानशी थाप मारली होती, मोठ्या मुलीसाठी. आणि धाकटीने खरे लिहिले होते, मीच लिहायला सांगितले म्हणून. दोघेही आपापल्या परीने वाजवी वागले होते.

मी त्यांना सांगितले की वही मुलीची आहे, ती मी कुणाला वाचू देणार नाही, आणि त्यातले काय ठेवायचे ते ती ठरवील. आणखी एक सांगितले, की आपली मुलगी फार चांगले पाहते. “बगती खरी,” ते म्हणाले. “समदंच बगती.” त्या बोलण्यात कौतुक किती आणि धास्ती किती, मला आजही सांगता येत नाही.

मुलीने पुढच्या आठवड्यात लेख पुन्हा लिहून आणला. रुपयांचे आकडे काढले होते. कर्ज काढले होते. बाजाराचे नाव आणि आईचे बोलणेही काढले होते. बैल कुठे गेले याविषयी आता अवाक्षर नव्हते; ते नुसते नव्हते. गोठा तेवढा राहिला होता, पहाटे तिथे जाणारे आप्पा राहिले होते, आणि नवे एक वाक्य आले होते: वैरणीचा वास अजून येतो. कोणत्याही परीक्षकाने हा दुसरा खर्डा अधिक चांगला ठरवला असता. मला मात्र पहिल्यातील तो हिशेब हवासा वाटत राहिला. वाङ्मयीन दृष्टीने गाळणे हा गुण आहे असे आम्ही शिकवतो. पण या मुलीने काही गाळले ते कलेपायी की सोयरिकीपायी, हे लेखावरून सांगता येणार नाही. आणि तसे पाहिले तर आपल्या थोर आत्मचरित्रांविषयी तरी ते कुठे सांगता येते?

याच सुमारास आठवीला मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ सांगत होते. सत्तावनच्या धामधुमीत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे मुलांना फार आवडले. झाशीच्या वेढ्यात अडकलेला भिक्षुक हा कोणत्याही साहसकथेला पुरून उरणारा नायक आहे. पण मला त्या पुस्तकाचा दुसरा प्रवास सांगायचा होता. ते १९०७ साली प्रसिद्ध झाले ते चिंतामणराव वैद्यांनी आपला हात फिरवून; मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आली. मधल्या सुमारे साठ वर्षांत मराठी वाचकाने जे वाचले त्यातले भटजी किती आणि वैद्य किती? पुन्हा तोच प्रश्न, कोण कोणास म्हणाले. एका मुलाने विचारले, की वैद्यांनी भटजींना विचारून बदल केला का. मी सांगितले की छापण्याच्या वेळी भटजी हयात नव्हते. “मग बैलांच्या लेखाचं बरं हाय,” तो म्हणाला, “तिनंच खोडलं.” म्हणजे वर्गाला सगळे ठाऊक होते. त्या मुलीने मान वर केली नाही, पण ती हसत होती.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी मुक्ता साळवे यांचा निबंध घेतला. तो पाठ्यक्रमात नव्हता; मीच प्रती काढून नेल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील, सुमारे चौदा वर्षांच्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापला गेला. उच्च प्राथमिक शाळेतील मुलांना ललितगद्य झेपेल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की आधुनिक मराठीतील एक अत्यंत महत्त्वाचा वैचारिक-आत्मपर लेख शाळकरी मुलीनेच लिहिलेला आहे. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा युक्तिवाद ती करते. वाड्यांच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेल्या माणसांची आठवण देते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे थंडीवाऱ्यातले हाल सांगते. पहिल्या दोन गोष्टी ऐकलेल्या किंवा तर्काने काढलेल्या असू शकतात. तिसरी पाहिलेली असणार, असे आठवीच्या मुलींनी एकमुखाने सांगितले. मी त्यांना कारण विचारले. “थंडी लिहिली ना,” एवढेच उत्तर मिळाले.

त्या निबंधातील ‘आम्ही’ या शब्दावर आम्ही दोन तासिका घालवल्या. लक्ष्मीबाईंचा ‘मी’ दोन वयांत विभागलेला, तर मुक्ताबाईंचा ‘आम्ही’ एका मुलीच्या तोंडून निघून शेकडो माणसांपर्यंत जाणारा. वर्गात ज्यांचे पणजे-खापरपणजे त्या ‘आम्ही’त होते अशी मुले होती, आणि ज्यांचे पूर्वज ‘तुम्ही’त होते अशीही. कोण कोणास म्हणाले, हे त्या दिवशी फळ्यावर लिहिण्याची गरज पडली नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, उठून म्हणाला, “हे मला म्हटलंय.” तो कोणत्या बाजूचा, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंनी लागत होता, म्हणून मी त्याला अधिक काही विचारले नाही.

मग मुलांच्या शंका सुरू झाल्या. तिच्या वर्गात किती मुली होत्या? शाळेला सुट्टी कधी असे? पुढे ती कोण झाली, तिने आणखी काय लिहिले? या शेवटच्या प्रश्नाला, तिचे दुसरे लेखन आपल्या हाती आलेले नाही, एवढेच उत्तर देता आले. आणि बैलांविषयी लिहिणारी ती मुलगी, आता आठवीत आलेली, तिने विचारले, “मॅडम, तिला त्या निबंधाला दहापैकी किती मिळाले?”

मी शिक्षक-खोलीत हा प्रश्न सहकाऱ्यांना सांगितला. गणिताचे सर म्हणाले, दहापैकी दहा. मराठीच्या नेहमीच्या बाई जरा विचारात पडल्या. हाती वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका होती आणि तिच्यात पडक्या किल्ल्याचे मनोगत विचारलेले होते. “खरं सांगू का,” त्या म्हणाल्या, “मुद्द्यांना धरून नाही म्हणून मी सात दिले असते.” मग त्यांनी प्रश्नपत्रिका पुन्हा काढली, आणि किल्ल्याखाली ‘किंवा’ लिहून आणखी एक विषय घातला.